कोरडे लंगोट

९ जानेवारी १९५४, ठाणे

ही रोजनिशी यांच्या ऑफिसातली. दर वर्षी हे ती कुणाला तरी देऊन टाकतात, यंदा मला दिली. म्हणाले, "माहेरी नुसती बसून कंटाळशील, लिहीत जा काहीतरी." नुसती बसून! नववा महिना लागलेली बाई नुसती बसून असते, हा पुरुषांचा लाडका समज आहे. पावलं इतकी सुजतात की बोट दाबलं की खळगा पडतो. पाठ टेकली की घशाशी जळजळ, बसलं की कंबर. आईला सांगितलं तर म्हणते, "असंच असतं गं." मावशीला सांगितलं. तीही म्हणाली, "असंच असतं." शेजारच्या काकूंनी "असंच असतं" म्हणून शिवाय आपल्या चार बाळंतपणांची हकीकत ऐकवली. आता मी कुणाला काही सांगत नाही.

लग्नाआधी तीन वर्षं मी शाळेत शिकवत होते. मुलींनी माझं नाव इस्त्रीबाई ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा राग यायला हवा होता, पण मी खूश झाले होते. डाग, चुरगळा, घामाचा वास, कुठलंच मला खपत नाही. आता पातळाच्या निऱ्यासुद्धा आईने घालून द्याव्या लागतात.

२८ जानेवारी

मुलगी झाली, १८ तारखेला. दोन दिवस चाललं होतं. सुईण दमली तेव्हा दवाखान्यात नेलं आणि चिमटा लावला. याहून जास्त लिहिणार नाही.

आता मी बाळंतिणीच्या खोलीत. दाराला घोंगडीचा पडदा, खाटेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. पाणी मोजकंच, दिवसाला दोन फुलपात्री, तेही ओवा घालून उकळलेलं. जास्त पाणी प्यालं तर बाळंतिणीचं पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, असं आईचं म्हणणं. पहिल्या दिवसापासून जीभ टाळूला चिकटलेली असते. मुलगी मात्र सुरेख आहे. हे परवा येऊन पाहून गेले. तिला घ्यायला घाबरत होते.

१२ फेब्रुवारी

हे पान मी नंतर फाडून टाकणार आहे.

धुरीने शिंक आली आणि लघवी झाली. थेंबभर नाही, पातळ बदलावं लागलं इतकी. आजची ही पहिली वेळ नाही. दवाखान्यातून आल्यापासून असंच चाललंय. खोकलं की होतं, बाळाला उचलायला वाकलं की होतं, कधी कधी तर काही न करताही. वाटलं होतं, दहा दिवसांत थांबेल, मग वाटलं बारशापर्यंत. आज पंचविसावा दिवस. मी सव्वीस वर्षांची बाई, तीन महिन्यांच्या पोरासारखी ओली बसते. लाजेने मरायला होतं.

आईला अर्धंच सांगितलं. म्हटलं, "जरा ताबा राहत नाही." ती म्हणाली, "असंच असतं गं, भरून येईल." मग पडद्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "सासरी बोलू नकोस हं."

१ मार्च

युक्ती सापडली. पाणी कमी प्यालं की त्रासही कमी होतो. काल दिवसभरात एकच फुलपात्र घेतलं आणि आत घेतलेल्या जुन्या लुगड्याच्या दोनच घड्या बदलल्या. आई बाळंतविडा घेऊन आलेल्या बायकांना सांगत होती, "आमची प्रमोदिनी शहाणी बाळंतीण आहे हो. पाण्याचा हट्ट म्हणून नाही." मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी लबाडी आणि शहाणपण एकाच माळेत गुंफलं गेलं.

मुलीचं नाव वृंदा ठेवलंय, हे लिहायचं राहूनच गेलं.

५ एप्रिल, डोंबिवली

काल पाडव्याच्या मुहूर्तावर सासरी आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, वृंदाला घेतलं आणि म्हणाल्या, "अगदी प्रभाकराचं कपाळ." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू फार वाळलीस." मी हसून साजरं केलं.

जुन्या लुगड्याच्या चौदा घड्या ट्रंकेत बाळाच्या कपड्यांखाली लपवून आणल्यात. यांना सांगितलं, बाळ सारखं उठतं, तुमची झोपमोड होईल, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा. ते उभे राहिले, काहीतरी बोलणार होते, मग उशी घेऊन गेले. एका खोलीत राहिलो तर वास येईल, ही माझी भीती. त्यांना काय वाटलं, कोण जाणे.

१४ एप्रिल

इथे वृंदाला न्हाऊ घालायला ठमाबाई येते. खाडीकडच्या गावातली आगरी बाई, नवरा मिठागरावर असतो. आडवीतिडवी, हाताने दणकट, तोंडानेही. पायांवर मुलीला पालथी घालून असं तेल जिरवते की बघत राहावं. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "बाय, तुजा आंग धरला का?" मी म्हटलं, "हो, अंग सावरलं, सगळं ठीक आहे."

सगळेच म्हणतात मुलगी फार शांत आहे. रडत नाही, झोपून असते. दूध पिताना दमते आणि सोडून देते. ओलंही फारसं करत नाही, काल दिवसभरात तीनच लंगोट. सासूबाईंना म्हटलं, आईवर गेलीय, स्वच्छतेची आवड आहे. त्याही हसल्या. आम्हा दोघींचं आता बरं जमतं. सोवळ्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यापुढे मीही हरले. दिवसातून तीन वेळा स्नान! शिवाय कीर्तनाला नाही, लग्नाला नाही, बहिणीच्या घरी ठाण्यालाही कित्येक वर्षांत गेल्या नाहीत. मी यांना म्हटलं, तुमच्या आईच्या सोवळ्याने नदी आटेल. हे म्हणाले, "लहानपणापासून बघतोय, तिला घरच सुटत नाही."

२३ एप्रिल, शुक्रवार

पलीकडच्या घरातल्या खांबेटेकाकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई दारातूनच कुंकू लावून परतल्या, मला म्हणाल्या, तू बस, जरा चार बायकांत मिसळ. उकाडा असा की भिंतींनाही घाम फुटावा. गौरीपुढे कलिंगडाची कमळं कापून मांडलेली, पितळी पातेल्यात पन्हं. वेलदोड्याचा वास आला आणि कोरडी जीभ ओठांवरून फिरली. सकाळपासून अर्धं फुलपात्र पाणी प्याले होते. काकूंनी पेला पुढे केला तर मी म्हटलं, "नको, अंगावर पितं ना मूल, कैरीने बाधेल." काकू म्हणाल्या, "किती गं जपतेस!"

उठायच्या वेळी कुणीतरी काहीतरी विनोद केला. काय ते आता आठवत नाही. मी हसले. उठले तर खाली सतरंजीवर हातभर ओलं. काकूंची सून बघत होती, आणखी दोघी बघत होत्या. वृंदा इतका वेळ माझ्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "अगं बाई, केलंच का कार्टीने!"

सगळ्या हसल्या. काकू म्हणाल्या, "बाळाची शी-शू म्हणजे गंगाजळ." कुणीतरी तिचा गाल ओढला. तिचा लंगोट माझ्या हाताखाली होता, अगदी कोरडा. मी तिला छातीशी धरून घरी आले. ती झोपेतच होती. तीन महिन्यांच्या मुलीवर मी आळ घेतला. ती काही कुणाला सांगणार नाही, म्हणूनच घेतला.

२४ एप्रिल

कालची लाज आज थोडी बोथट झाली. खरं लिहायचं तर आता सुटल्यासारखंही वाटतंय. यापुढे वृंदाला मांडीवर घेऊनच बसायचं. घरात, दारात, कुठेही. मग काही भिजलं तरी विचारणारं कुणी नाही. सासूबाईंनी आज गादीवरचा डाग पाहिला आणि म्हणाल्या, "मुतरी आहे हो आमची ठकी." मी म्हटलं, "विचारू नका."

१ मे

दूध कमी झालंय. सासूबाई खसखशीची खीर, अळीव, शतावरी, सगळं करून घालतात. लाडू कोरडेच गिळते, वर पाणी घेत नाही. आज यांनी विचारलं, "माझ्यावर रागावली आहेस का?" मी म्हटलं, "छे, उगीच काय!" आणि भांड्याचा आवाज करत आत गेले. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

५ मे, अक्षय्य तृतीया

आज ठमाबाई वृंदाच्या टाळूवर तेल घालता घालता थांबली. "बाय, हिकरं ये. टालू बग कशी खोल जेलेय. तेल वततंय तं साचून ऱ्हातंय."

मी पाहिलं. टाळूवर वाटीत धरावं तसं तेल उभं होतं. मला गेले दोन-तीन दिवस ते दिसत होतं. मी समजत होते तेल छान बसतंय.

ठमाबाईने विचारलं, "दिसाचं लंगोट किती भिजवते?"

सासूबाई तिथेच पाट मांडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "सात-आठ."

"सात-आठ? मंग तं दूद पोटान जातंय. दूद पेली नाय तं पोर मुतल कशी? मना उगाच भ्या वाटला." आणि ती पुन्हा चोळू लागली.

सात-आठ! काल एक भिजला होता. आज दुपारपर्यंत एकही नाही. मी मोजून पाहिलं, दोरीवरचे सगळे काल धुतलेलेच. पण सासूबाईंसमोर एक म्हटलं असतं तर मग त्या गाद्या, ती दुपटी, ती सतरंजी कुणी भिजवली? हा विचार माझ्या मनात आला, आणि मुलीच्या टाळूच्या आधी आला. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःला चांगली आई म्हणवून घ्यायचा मोह झाला तर वाचता येईल.

ठमाबाई गेल्यावर दोन चमचे साखरपाणी पाजलं. तिने गिळलं नाही, ओठांच्या कडेने सांडलं.

८ मे, कल्याण

कालचं लिहिते.

सकाळी वृंदा रडायला लागली तर तोंड उघडलं पण आवाज आला नाही. डोळ्यांत पाणी नाही. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली. हे ऑफिसला निघाले होते, पिशवी खाली टाकली. हे, सासूबाई आणि मी, तिघं तिला घेऊन कल्याणला गेलो. स्टेशनवरून टांगा केला. तिथे एक डॉक्टरीणबाई बायका-मुलांचं पाहतात. पन्नाशीच्या, पांढरं नऊवारी, बोलणं मोजकं. त्यांनी वजन केलं, साडेआठ पौंड. टाळूला बोट लावलं आणि विचारलं, "जुलाब? उलट्या?"

"नाही."

"लघवी किती वेळा होते?"

मी उत्तर देण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "त्याची मुळीच काळजी नाही. सारखी भिजवत असते. परवा खांबेट्यांची सतरंजीसुद्धा भिजवली."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, "लघवी भरपूर होते आणि तरीही अशी सुकते, म्हणजे हे साधं प्रकरण नाही. आतलं काहीतरी असेल. मी चिठ्ठी देते, आत्ताच्या आत्ता मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या." त्यांनी टाक उचलला. हे गाडीची वेळ विचारायला दाराकडे वळलेसुद्धा.

मला ठमाबाईचे शब्द ऐकू येत होते. दूद पेली नाय तं पोर मुतल कशी. मांडीवर मुलगी होती आणि तिचं वजन जाणवतच नव्हतं. मुंबई म्हणजे किती वेळ जाणार! तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "ती नाही भिजवत."

"म्हणजे?"

"मी भिजवते. ती सतरंजी मी भिजवली. गादी मी भिजवते. माझा ताबा राहत नाही, बाळंतपणापासून. तिचा लंगोट काल एकच ओला झाला, तोही थोडा. आज एकही नाही. मी खोटं बोलले." आणि सुरू झालंच आहे तर सगळंच सांगितलं. "मी पाणी पीत नाही. भिजू नये म्हणून."

हे दारात पाठमोरे उभे होते, तसेच राहिले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण घेत नाही.

डॉक्टरीणबाईंनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी फाडली. "किती दिवसांपासून पाणी पीत नाहीस?"

"दोन महिने."

त्या ओरडल्या नाहीत. दाईला हाक मारली, साखर-मिठाचं पाणी मागवलं, वृंदाच्या मांडीत सुईने सलाईन दिलं, वर थेंबाथेंबाने तोंडात सोडत राहिल्या. मग एक मोठा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हा संपल्याशिवाय उठायचं नाही. भिजलीस तर भिजू दे. इथली फरशी धुता येते."

मी प्याले. भिजलेही. हे बघत होते, सासूबाई बघत होत्या. दुपारी चारला वृंदाने लंगोट ओला केला. दाई तो उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या." मी तो हातात धरून रडले. पण माझी लाज काही कमी झाली नाही, ती नुसती जागा बदलून बसली. आपण भिजतो याची मला लाज होती. आता मुलीला तहानेने मारत होते याची आहे, आणि ही धुतली जाणारी नाही.

१० मे

आज घरी आलो. तीन दिवस दवाखान्यातच होतो. डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासलं. चिमट्याने आतले स्नायू सैल पडलेत म्हणाल्या. ते आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम दिलाय, दिवसातून बऱ्याच वेळा करायचा. "सहा महिने कर. नाही जमलं तर टाके घालता येतात. जगात तू एकटी नाहीस." एवढं साधं होतं! आणि आईपासून शेजारणीपर्यंत एकीने म्हटलं नाही की यावर कुणाला विचारावं.

यांनी टांग्यातच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्हाला किळस आली असती." त्यांनी वृंदाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माझी किळस आली." संध्याकाळी त्यांनी उशी उचलून आत आणली.

सासूबाई एक शब्द बोललेल्या नाहीत. जेवायला वाढतात, वृंदाला घेतात, माझ्याशी बोलत नाहीत.

१६ मे

वृंदा नऊ पौंड दोन औंस. रात्री दूध पिऊन ओरडली, शेजारी जागे झाले. मला किती बरं वाटलं!

खांबेटेकाकूंकडे जाऊन सांगितलं की सतरंजी मी खराब केली होती, धुवून देते. काकू लाल झाल्या, म्हणाल्या, "काहीतरीच काय!" आणि पोह्यांची बशी आणायला आत गेल्या त्या लवकर बाहेरच आल्या नाहीत. मी उठून आले. एकदा खरं बोललं म्हणजे सगळं हलकं होतं असं काही नाही.

सासूबाई अजून अबोल. मी व्यायाम करते तेव्हा, म्हणजे नुसती भिंतीला टेकून बसते तेव्हा, माझ्याकडे टक लावून बघतात. त्यांच्या चौकटीत हे बसणारं नाही. सुनेने परक्या बाईसमोर, मुलासमोर असं बोलावं, हा त्यांच्यासाठी घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्यांचा राग मला मान्य आहे. नात मरता मरता वाचली, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

३० मे

आज त्यांनी तोंड उघडलं. मी गहू निवडत होते. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कल्याणला जाणार ना? मी येते बरोबर."

मी म्हटलं, "या ना. वृंदाला बघायला घेऊन जायचंच आहे."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो व्यायाम उतारवयातल्या बाईला चालतो का, तेवढं विचार. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

"कोण?"

"तुला काय करायचंय? विचार म्हटलं तर विचार." आणि सूप माझ्या हातातून ओढून घेतलं.

मी विचारीन म्हटलं. बाईंचं नाव सांगत नाहीत, याचं मला जरा नवल वाटलं.

६ जून, रविवार

वृंदा दहा पौंड पाच औंस. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटीसुलटी करून पाहिलं आणि हसल्या. तिने त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर धार सोडली. यांना म्हणाल्या, "घ्या हिला, बाहेर बाकावर बसा," आणि दार लावलं.

माझं झाल्यावर मी म्हटलं, "आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना..." आणि माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. आल्यापासून भिंतीशी उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांत पिळून धरला होता आणि माझ्याकडे बघत होत्या, खांबेट्यांच्या घरून वृंदाला उचलून आणताना मीही तशीच दिसले असेन. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

क्षणभर वाटलं, ओळखीच्या बाईंचंच सांगावं. त्यांची लाज तरी झाकली जाईल. मग वाटलं, आपण झाकलं त्याने काय झालं होतं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोल. त्रास कुणाला आहे?"

मी सासूबाईंजवळ जाऊन नुसती उभी राहिले.

"मला," सासूबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे हे वृंदाला काहीतरी म्हणून दाखवत होते, सुरात नव्हतं.

"हा झाला तेव्हापासून. एकतीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग बसल्या.